फेसबुकचं खातं काही दिवस पड ठेवायचं तर

“साहेब, फेसबुकचं खातं थोडे दिवस बंद ठेवायचं हाय. पन आठ-अ वरून नाव उडावं तसं कायमचं उडनार तर नाय ना?”

२०२५ च्या जानेवारीत पनवेल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मला फोनवर हा प्रश्न विचारला. आमच्याकडे असे प्रश्न येत नाहीत. भातावर करपा आला, पीएम किसानचा हप्ता अडकला, वालावर मावा पडला, फवारणी कोणती घेऊ, असं विचारणारे रोज चार-पाच भेटतात. खातं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोसायटीचं खातं, बँकेचं खातं, तलाठ्याच्या दप्तरातलं खातं, फार तर आमचं कृषी खातं. आता त्यात या फेसबुकच्या खात्याची भर पडली. पण त्या माणसाचा प्रश्न पोटातून आलेला होता, म्हणून हा लेख.

माझ्याकडची गावं नवी मुंबईच्या अगदी काठावर आहेत. एका अंगाला खारघर-तळोज्याचे मनोरे, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. या पट्ट्यात काहींची जमीन गेली, काहींची राहिली, काहींची जाणार जाणार म्हणून वर्षानुवर्षं लटकून पडली. या शेतकऱ्याच्या घराण्याची थोडी जमीन सिडकोकडे गेलेली. तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतून भूखंड मिळायचा. वारस किती? तीन चुलते, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या दोन आत्या. आता कुठल्याही घरात होते तशी कुरबुर होती. पण एका रात्री चुलत भावाने फेसबुकवर लिहिलं, ‘काही लोक सख्ख्यांना फसवतात.’ नाव कुणाचंच नव्हतं. खाली यानं उत्तर दिलं. मग मामेभाऊ उतरला, मग गावातले रिकामटेकडे, मग उलव्याला राहायला गेलेला शाळेतला मित्र. सकाळपर्यंत शंभराच्या वर शेरे पडले होते. जे बांधावर दोघांत बोलून मिटलं असतं किंवा दोघांतच राहिलं असतं, ते भांडण साऱ्या गावाने चहाबरोबर वाचलं. आत्यांना त्यांच्या सासरच्यांनी वाचून दाखवलं.

“झोप येत नाय साहेब,” तो म्हणाला. “रात्री दोनला उठून बघतो, कोनी काय लिवलं.”

मी त्याला फोनवरूनच सांगितलं, ‘खातं तात्पुरतं बंद कर. डिलीट नाही, डीॲक्टिव्हेट.’ त्याने माझ्या सांगण्याप्रमाणे बटणं दाबली आणि खातं दिसेनासं झालं. मला वाटलं, भलं काम झालं.

चौथ्या दिवशी गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा फोन. “भाऊसाहेब, आमचं पान कुठं गेलं?”

कुठलं पान ते माझ्या आधी ध्यानात येईना. मग उलगडा झाला. बचत गटाच्या बायकांचं फेसबुकवर एक पेज होतं. वालाच्या ओल्या शेंगा, घरचा तांदूळ, पापड, लोणची यांचे फोटो त्यावर टाकायच्या. खारघर, बेलापूर, नेरुळच्या सोसायट्यांतली मंडळी त्यावरच मागणी नोंदवायची. आणि ते पेज दोन वर्षांपूर्वी या पोराने आपल्या खात्यातून काढून दिलेलं. त्याचा कारभारी तो एकटाच. फेसबुकचा नियम असा, की ज्या पेजचा कारभार तुमच्या एकट्याच्या खात्यावर आहे, ते पेज तुमच्या खात्याबरोबरच झाकलं जातं. जानेवारीचा शेवट म्हणजे पोपटीचे दिवस, शेंगांना वर्षातला सगळ्यात बरा भाव, आणि गिऱ्हाइकाला दुकानच सापडेना. दोन शनिवार-रविवार हातचे गेले. ओली शेंग थांबते का कुणासाठी? राहिलेला माल त्यांनी रस्त्याकडेला बसून मिळेल त्या भावाने दिला.

ही चूक माझी. मला पेजचा नियम ठाऊक नव्हता आणि मी विचारलंही नाही. औषधाची बाटली हाती देताना किती मिली, किती पाण्यात, काढणीआधी किती दिवस बंद, हे दहादा सांगणारा मी, इथे लेबल न वाचता फवारा मारायला सांगून बसलो. तेव्हापासून जे शिकलो ते पुढे देतो.

बंद ठेवणे वेगळे, मोडणे वेगळे

जमीन एक हंगाम पड ठेवली म्हणून ती विकली असं होत नाही. सातबारा नावावर राहतो. फेसबुकचं तात्पुरतं बंद करणं अगदी तसंच आहे. तुमचं पान, फोटो, लिहिलेलं सारं लोकांच्या नजरेआड होतं, पण जागेवर राहतं. तुम्ही परत आपला क्रमांक आणि पासवर्ड टाकून आत शिरलात, की सगळं होतं तसं उभं. कितीही महिन्यांनी या.

डिलीट म्हणजे मात्र खरेदीखतच. ते केल्यावर ३० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत मन बदललं तर रद्द करता येतं. नंतर हळहळून उपयोग नाही. नातवाचे, लग्नाचे, गेलेल्या माणसाचे फोटो तिथेच ठेवलेले असतात आणि दुसरीकडे कुठे प्रत नसते, अशी घरं मी पाहिली आहेत. म्हणून रागाच्या भरात डिलीटला हात लावू नका. भांडणाच्या रात्री तर नकोच.

वाट अशी आहे. फेसबुकात सेटिंग उघडा, त्यात ‘अकाउंट्स सेंटर’, मग ‘पर्सनल डिटेल्स’, मग ‘अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल’, मग ‘डीॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन’. घरातल्या कॉलेजच्या मुलीला बरोबर घ्या, दोन मिनिटांचं काम. तिथे किती दिवसांनी आपोआप चालू व्हावं हेही विचारतात. एक दिवसापासून सात दिवसांपर्यंत ठरवता येतं, नाहीतर मी येईन तेव्हाच चालू करा असं सांगता येतं. पहिल्यांदा करणाऱ्याने सात दिवसांचंच करावं असं माझं मत. एकदम महिन्याचा नेम केला की तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि मोडलेला नेम पुन्हा धरवत नाही.

त्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, वर सांगितलेली. तुमच्या खात्यावर बचत गटाचं, शेतकरी गटाचं, देवस्थानाचं, ग्रामपंचायतीचं पेज असेल तर आधी दुसऱ्या भरवशाच्या माणसाला त्याचा कारभारी करा. तसंही सार्वजनिक पेज एकट्याच्या खात्यावर लटकवून ठेवणं बरं नव्हे. बँकेत गटाचं खातं आपण दोन सह्यांनी चालवतो, मग हे का नाही? दुसरी, मेसेंजर. खातं बंद केलं तरी मेसेंजर चालू ठेवण्याची सोय असते. नको असेल तर तेही बंद करावं लागतं, नाहीतर मागच्या दाराने तेच भांडण पुन्हा घरात येतं. तिसरी, काहींनी दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये शिरायला फेसबुकचंच खातं किल्लीसारखं वापरलेलं असतं. ती किल्ली फिरवलीत की इकडचं बंद खातं पुन्हा उघडतं. आणि मग माणूस म्हणतो, ‘मी तर काही केलं नाही!’

आणखी एक. तुम्ही मित्रांना पूर्वी पाठवलेले निरोप त्यांच्याकडे राहतात. आपण पड टाकली म्हणून शेजाऱ्याच्या कोठारातलं धान्य नाहीसं होत नाही. तेव्हा जे लिहायला नको होतं आणि लिहिलं, ते आधी खोडा आणि मग खातं झाका.

इन्स्टाग्रामचं असंच आहे, फक्त तिथे आठवड्यातून एकदाच तात्पुरतं बंद करता येतं. सकाळी बंद, संध्याकाळी चालू, उद्या पुन्हा बंद, असा पोरखेळ तिथे चालत नाही. ते बरंच आहे म्हणा.

व्हॉट्सॲपचं दुखणं निराळं

फेसबुकवाचून आपलं अडत नाही. व्हॉट्सॲपवाचून अडतं. खतवाला दुकानदार तिथे, दूधवाला तिथे, शाळा तिथे, तुर्भ्याच्या बाजारातला आडत्या तिथे. आमचं कार्यालय तर तिथेच राहतं! २०२५ पासून कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी म्हणतात, त्याआधी ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले. नावं लांबली. गट त्याहून लांबले. माझ्या फोनमध्ये आज एकोणचाळीस गट आहेत, त्यातले निम्मे मी होऊन धरलेले नाहीत.

व्हॉट्सॲपमध्ये फेसबुकसारखं ‘तात्पुरतं बंद’ असं बटणच नाही. तिथे ‘डिलीट अकाउंट’ आहे, आणि ते दाबलं की तुम्ही साऱ्या गटांतून बाहेर पडता आणि जुनं बोलणं पुसलं जातं. ते परत येत नाही. म्हणून विश्रांती हवी असेल तर हे बटण दाबू नका. नुसतं ॲप काढून टाकलं तर गटातलं तुमचं नाव तसंच राहतं, लोकांना वाटतं तुम्ही वाचताय. तुमच्यापर्यंत न पोचलेला निरोप ३० दिवस वाट बघतो आणि मग नाहीसा होतो. आणि १२० दिवस कुणी वापरलंच नाही तर खातं सहसा कंपनीकडूनच काढलं जातं. चार महिने परदेशी मुलाकडे जाऊन राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग करायचं काय? गट छाटायचे. आंब्याची छाटणी करताना आपण झाड तोडत नाही, आत ऊन शिरेल एवढ्या फांद्या काढतो. ज्या गटात तुमचं काही काम नाही त्यातून निघा. २०२२ पासून गट सोडला तर ते फक्त कारभाऱ्याला कळतं, साऱ्या गावाला नाही, तेव्हा संकोच नको. जिथून निघता येत नाही, म्हणजे भावकीचा गट, सासुरवाडीचा गट, त्याला ‘म्यूट’ करून ‘नेहमीसाठी’ असं निवडा आणि ‘अर्काइव्ह’मध्ये ठेवून द्या. तो तिथे गुपचूप पडून राहतो, वर येऊन खिडकी वाजवत नाही. राहिलेल्या चार-पाच माणसांना सांगून टाका, ‘तातडीचं असेल तर फोन करा, लिहू नका.’ हे सांगणं फार महत्त्वाचं. न सांगता गप्प झालात तर लोक समजतात, याचं काहीतरी बिनसलं, नाहीतर हा आपल्यावर रुसला.

पण फोनचा क्रमांक मात्र चालू ठेवा. बँकेचा ओटीपी, पीएम किसान, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं त्याला बांधलेलं आहे. खात्याला विश्रांती द्यायची, सिमकार्डाला नव्हे. आणि जाण्याआधी व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन घालून ठेवा. तुम्ही नसताना तुमच्या फोटोचं खोटं खातं काढून कुणी गावात पैसे मागायला लागलं, तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. घरच्यांना तो क्रमांक भिंतीवर लिहून ठेवायला सांगा.

निरोप टाकला, पोचला नाही

आता ग्रामपंचायतीच्या आणि महसूलच्या मंडळींसाठी दोन शब्द, त्यात मीही आलोच.

२०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस भाताची कापणी चालू असताना अवकाळी पाऊस आला. हवामान खात्याचा इशारा मी दुपारी गावाच्या गटात टाकला होता. ‘कापलेलं भात शेतात ठेवू नका, उडवी रचून झाका.’ संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या खाचरात कडपे पाण्यावर तरंगत होते. चार दिवसांनी दाण्याला मोड आले. मी म्हणालो, “काका, मी गटात टाकलं होतं.” त्यांनी मला फोन दाखवला. माझ्या निरोपावर सत्तावन्न निरोप चढलेले होते. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. केक, हार, हात जोडलेले पंजे, पुन्हा केक.

काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. माझ्या दप्तरी ‘सूचना दिली’ अशी नोंद झाली होती, आणि भात भिजलं होतं.

म्हणून सांगतो, गटात टाकलं म्हणजे पोचलं असं धरून चालू नका. निम्मं गाव कंटाळून म्यूट करून बसलंय, काहींनी मी वर सांगितलं तशी विश्रांती घेतलीय, आणि म्हाताऱ्या बाईकडे तसला फोनच नाही. कामाच्या सूचनांचा गट वेगळा काढा आणि त्यात फक्त कारभाऱ्यालाच लिहिता येईल अशी सेटिंग लावा. ही सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, फुकट आहे, पण सरपंचांना वाईट वाटेल म्हणून कुणी लावत नाही. आणि पाऊस, वीज, धरणाचं पाणी, यासाठी देवळाचा भोंगा वापरा. दवंडी देणाऱ्या कोतवालाचा आवाज म्यूट करता येत नव्हता, हे त्या जुन्या पद्धतीचं मोठेपण.

गटालाही कधी कधी सक्तीची विश्रांती द्यावी लागते. १ जुलै २०१८ चा दिवस आठवा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याच्या बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांपुढे धाडता येणार नाही, अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. पण कंपनीच्या मर्यादेआधी गटाच्या कारभाऱ्याच्या हाताशी एक बटण असतं. अफवेचा वास आला की तेवढी रात्र गट बंद, सकाळी खातरजमा करून उघडायचा. पोलीस पाटलांनी आपल्या गावातल्या गटांचे कारभारी कोण, याची यादी वहीत ठेवावी. शंभर फोन करण्यापेक्षा सहा फोन सोपे.

एकट्याने जमत नाही म्हणून

खरं सांगायचं तर एकट्याने खातं पड ठेवणं अवघड जातं. मी स्वतः फेसबुक पंधरा दिवस बंद ठेवलं. पहिले तीन दिवस हात आपोआप खिशात जायचा. बांधावर उभं राहून शेतकऱ्याचं ऐकतोय आणि अंगठा काचेवर नुसताच फिरतोय, असं एकदा माझ्या ध्यानात आलं. तेव्हा लाज वाटली. पाचव्या दिवसानंतर सुधारलं. पण घरात बाकीचे चौघे फोनवर आणि मी एकटा भिंतीकडे बघत, हा प्रकार काही खरा नाही.

गावाने मिळून केलं तर काय होतं, ते बघायला सांगली जिल्ह्यात जावं लागेल. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं, ऊस पिकवणारं गाव. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरली. शाळा परत सुरू झाली, पण पोरांच्या हातातला फोन सुटेना, अभ्यासाला बसेनात. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे, आधी महिलांपुढे मांडला. ठरलं असं, की रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास, साडेआठपर्यंत, घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. पोरांनी पुस्तक घ्यायचं, मोठ्यांनी बोलत बसायचं. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक यांनी घरोघर फिरून सांगितलं. ही बातमी पुढे देशाबाहेरही गेली.

मला त्यातलं कौतुक कशाचं वाटतं सांगू? त्यांनी फोन फोडायला सांगितलं नाही. दिवसभर बंदी नाही, दंडाची भाषा नाही. एक वेळ ठरवली, ती सगळ्यांना एकच, आणि तिची आठवण देवळावरून दिली. शेजारचाही फोन बंद आहे, म्हणजे आपलं काही चुकत नाही, ही खात्री असली की माणूस निवांत बसतो. पाण्याची पाळी जशी गावाने ठरवली की टिकते, तसंच हे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी घातली. हेतू चांगलाच. पण माझ्या अनुभवात, पोराला बंदी आणि बाप खाटेवर रील बघतोय, हा ठराव कागदावर राहतो. वडगावची रीत मला जास्त पटते, कारण तिथे बापालाही फोन खाली ठेवावा लागतो.

आपल्याकडे शहराला लागून असलेल्या गावांत हे अवघड आहे, मान्य. घणसोलीत, जिथे भातशेती आणि मिठागरं होती, त्या भागात आज जिओचा कारभार चालवणारं रिलायन्सचं भलंमोठं आवार उभं आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली, पहिले काही महिने डेटा फुकट मिळाला आणि फुकटच्या पाण्याने जे होतं तेच झालं. पाट फुटला तरी कुणाला बांध घालायचं सुचलं नाही. आता पाणी विकतचं झालं, तरी पाट तसाच वाहतोय. शिवाय भाजीवाल्याला संध्याकाळी सातला फोन बंद ठेवून कसं चालेल? माल रात्रीच तुर्भ्याला निघतो, गाडीवाल्याशी बोलायचं त्याच वेळी. मग वेळ बदला. दुपारी दोन ते साडेतीन ठेवा. आणि बोलायचा फोन चालू ठेवा, बघायचा बंद. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम जगभर सहाएक तास बंद पडले होते, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. त्या रात्री घंटी वाजवून बोलायचा साधा फोन चालूच होता.

विश्रांतीने फायदा होतो का, याचा एक अभ्यास अमेरिकेत झालाय. स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांच्या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये तिथल्या निवडणुकीआधी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुकचं खातं बंद ठेवायला लावलं. २०२० मध्ये तो छापून आला. रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला, माणसांत उठबस वाढली, मनालाही थोडं बरं वाटलं. थोडंच, फार नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. राजकारणावरून एकमेकांविषयीचा कडवटपणा काहीसा उतरला. चार आठवडे संपल्यावरही लोकांचा वापर पहिल्याएवढा राहिला नाही. पण दोन गोष्टी उलटही झाल्या. त्यांना बातम्या कमी कळायला लागल्या, आणि मोकळ्या वेळातला काही वेळ टीव्हीने खाल्ला! बातम्यांचं आपण ध्यानात घ्यायला हवं. हवामान आणि बाजारभाव यांची सोय आधी करून मगच खातं बंद करा. हवामानासाठी मेघदूत, विजेसाठी दामिनी, ही सरकारी ॲप आहेत. त्यात शेरे मारता येत नाहीत, म्हणून भांडणही होत नाही. आणि फोनवर विचारायचं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो, आपल्या भाषेत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आता त्या शेतकऱ्याचं. बचत गटाचा फोन आल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याने खातं उघडलं, पेज परत दिसू लागलं, त्यावर अध्यक्षबाई आणि त्यांची बारावीतली मुलगी अशा दोघींना कारभारी केलं, तो स्वतः त्यातून बाहेर पडला आणि माझ्यासमोरच खातं पुन्हा बंद केलं. बायकांनी मला त्या दिवशी चहा दिला, पण नुकसान किती झालं ते तोंडावर सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

खातं साडेतीन महिने बंद होतं. भूखंडाचा तंटा अजून मिटलेला नाही. पण पाडव्याला धाकटी आत्या माहेरी आली, तेव्हा तिने दोघाही भावांना एका पंगतीला बसवलं. काय बोलले ते मला ठाऊक नाही. लिहिलेलं नव्हतं ना कुठे! पुढे दोघांनी मिळून एकच वकील बघितला, एवढं कानावर आलं. भाताची लावणी जवळ आली तेव्हा त्याने खातं पुन्हा उघडलं. मला पहिला फोटो आला तो रोपवाटिकेचा, विचारणा अशी की पान पिवळं का पडतंय.

लोहाची कमतरता होती. मी लिहिलं नाही, फोन केला.